सुट्टींतील व्यायाम

शाळेंतील व्यायाम हा बहुतांशीं घंटेचा व्यायाम असतो. घंटा झाली कीं वर्ग मैदानावर जातो, शिट्टी वाजली कीं रांगा होतात, शिक्षकांनीं आकडे म्हटले कीं हात वर जातात. त्या दिवशीं कोणाचें मन उत्साही आहे व कोणाचें नाहीं, हा प्रश्नच तेथें उद्भवत नाहीं. ही शिस्त चांगली आहे, व तिच्यामुळेंच वर्षाचे आठ-नऊ महिने आमच्या मुलामुलींचीं शरीरें एका वळणावर राहतात. परंतु जी गोष्ट सर्वस्वीं घंटेच्या आधारावर उभी असते, ती घंटा बंद होतांच खालीं बसते. सुट्टींत पुस्तकाचा अभ्यास पालक थोडाफार करून घेतात, कारण पुढें परीक्षा दिसत असते. व्यायामाची परीक्षा कोणी घेत नाहीं. म्हणून त्याची आठवणही कोणास होत नाहीं.

मी मराठी शिकवितें. तथापि मैदानावरच्या तासालाही आज पुष्कळ वर्षें उभी असतें. सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत मुलें मैदानावर आलीं कीं त्यांची सुट्टी कशी गेली हें त्यांच्या निबंधांपेक्षां त्यांच्या श्वासावरून अधिक खरें कळतें. एप्रिलमध्यें मैदानाच्या चार फेऱ्या सहज घालणारा मुलगा जुलैंत दुसऱ्या फेरीलाच कमरेवर हात ठेवून उभा राहतो. दोरीवर पन्नास उड्या मारणारी मुलगी विसाव्या उडीला थांबते व मैत्रिणीकडे पाहून हंसते. त्या हंसण्यांत थोडी लाजही असते. करोनाच्या साथीमुळें मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या आणि ऑक्टोबर २०२१ मध्यें वरचे वर्ग पुन्हां नीट भरूं लागले, तेव्हां तर हा फरक डोळ्यांत भरण्याजोगा होता. मुलें उंच झालीं होतीं, पण जिना चढून वर्गांत आलीं कीं बांकावर बसून आधीं श्वास सांवरीत असत. तेव्हांपासून हा विषय माझ्या मनांतून गेलेला नाहीं.

असें कां होतें, हें समजून घेण्यासारखें आहे. व्यायाम थांबला कीं पहिल्या कांहीं दिवसांतच रक्तांतील द्रवाचा अंश कमी होऊं लागतो. त्यामुळें हृदयाच्या एका ठोक्यासरशीं पूर्वीइतकें रक्त पुढें जात नाहीं, व तेंच काम करावयास त्याला अधिक ठोके द्यावे लागतात. हाच आपला ‘दम लागणें’. स्नायूंचें बळ त्या मानानें सावकाश ओसरतें. तीन-चार आठवडे तें बरेंचसें टिकतें. दम मात्र दोन आठवड्यांतच उणा होऊं लागतो. अमेरिकेंतील डॅलस येथें १९६६ सालीं वीस वर्षें वयाच्या पांच निरोगी तरुणांस तीन आठवडे अंथरुणांतच पडून राहावयास लावलें. तेवढ्या अवधींत त्यांच्या शरीराची प्राणवायु वापरण्याची कमाल शक्ति चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनीं त्याच पांच जणांची पुन्हां तपासणी झाली, तेव्हां असें दिसून आलें कीं तीस वर्षांच्या वाढत्या वयानें त्यांच्या दमाचें जेवढें नुकसान केलें, त्याहून तीन आठवड्यांच्या अंथरुणानें अधिक केलें होतें. आमचीं मुलें सुट्टीभर अंथरुणांत पडून राहतात असें मी म्हणत नाहीं. परंतु हातांत मोबाइल घेऊन दुपारभर कूलरसमोर लोळणारा मुलगा त्या अंथरुणापासून फार दूर असतो, असेंही म्हणवत नाहीं.

ही झाली भीतीची बाजू. दिलासा देणारी बाजू अशी, कीं मिळविलेलें टिकविण्यास मिळविण्याइतके कष्ट पडत नाहींत. १९८१ सालीं अमेरिकेंत हिक्सन नांवाच्या संशोधकानें एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं प्रौढ माणसांनीं दहा आठवडे, आठवड्यांतून सहा दिवस, रोज चाळीस मिनिटें कठीण व्यायाम करून आपला दम वाढविला. पुढें पंधरा आठवडे त्यांचे व्यायामाचे दिवस सहावरून चारांवर, तर कांहींचे दोनांवर आणले; मात्र त्या दिवशींचा जोर व वेळ पूर्वीइतकाच ठेवला. आठवड्यांतून दोनच दिवस व्यायाम करणाऱ्यांचाही दम टिकून राहिला. याचा अर्थ आपण नीट लक्षांत घ्यावा. सुट्टींत शाळेसारखा रोजचा क्रम जमत नाहीं म्हणून सगळाच सोडून देणें, हा हिशेब खोटा आहे. पूर्ण व शून्य यांच्यामध्यें ‘थोडें’ नांवाचें एक मोठें गांव आहे, आणि सुट्टीपुरती वस्ती तेथेंच करावी.

सुट्टी आणि व्यायाम यांचा हा झगडा नवा नाहीं, हें एका गमतीच्या हकीकतीवरून दिसेल. ज्या बास्केटबॉलसाठीं आमचे विद्यार्थी जेवणाची सुट्टीही विसरतात, तो खेळ अशाच एका अडचणींतून जन्मास आला. अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथील वाय.एम.सी.ए.च्या शिक्षणसंस्थेंत हिंवाळ्यांत बाहेरचे खेळ बंद पडत व आंतल्या कवायतीला विद्यार्थी कंटाळत. तेव्हां जेम्स नायस्मिथ या शिक्षकाला वरिष्ठांनीं चौदा दिवसांची मुदत देऊन, घरांत खेळतां येईल असा खेळ शोधावयास सांगितलें. त्यानें सज्जाच्या कठड्याला पीच नांवाच्या फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले, आणि २१ डिसेंबर १८९१ रोजीं अठरा विद्यार्थ्यांचे नऊ-नऊंचे दोन संघ करून पहिला सामना लावला. चार दिवसांवर नाताळ होता. ते विद्यार्थी सुट्टीसाठीं घरीं गेले ते हा खेळ बरोबर घेऊनच. आणि आपआपल्या गांवच्या संस्थांत त्यांनीं तो सुरू केला. एखादा खेळ सुट्टींत बंद पडण्याऐवजीं सुट्टीमुळेंच पसरावा, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. पुढें त्याच स्प्रिंगफील्डचे विद्यार्थी हॅरी क्रो बक यांनीं १९२० सालीं मद्रास येथें वाय.एम.सी.ए.चें शारीरिक शिक्षणाचें कॉलेज काढलें.

परंतु इतक्या दूर जाण्याचेंही कारण नाहीं. आपल्या शेजारीं अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं स्थापिलेलें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. त्या मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगीं आपले देशी खेळ जगास दाखविले, हें पुष्कळांस ठाऊक असतें. मला अधिक मोलाची वाटते ती त्याची दुसरी कामगिरी, ती म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टींत व्यायामशिक्षणाचे वर्ग भरविण्याची. वऱ्हाडचा उन्हाळा म्हणजे सर्व उद्योग आवरून सांवलींत बसण्याचा काळ. त्याच काळांत या लोकांनीं व्यायाम शिकविला, कारण शिक्षकांस व विद्यार्थ्यांस मोकळा वेळ मिळतो तो तेव्हांच. सुट्टी ही व्यायामाची अडचण नसून त्याची संधि आहे, हें त्यांनीं ओळखलें.

आतां आपल्या जिल्ह्याच्या सुट्ट्या पाहूं. त्या मुख्यतः तीन, आणि प्रत्येकीची अडचण निराळी. उन्हाळ्याच्या सुट्टींतील अडचण उन्हाची. मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या पुढें जातो, आणि याच कारणानें आपल्याकडील शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. या दिवसांत जें करावयाचें तें सकाळीं सातच्या आंत उरकावें. त्यानंतरचा व्यायाम हा पराक्रम नव्हे, तो अविचार होय. उन्हाचा झटका पैलवानालाही सोडीत नाहीं. आधीं व नंतर पाणी प्यावें. पन्हें किंवा ताक मिळालें तर उत्तमच. संध्याकाळीं जमीन निवल्यावर अंगणांत लंगडी, आट्यापाट्या, खो-खो यांपैकीं कांहीं खेळावें. पोहण्याची हौस ज्यांस असेल त्यांनीं पोहणाऱ्या वडील माणसाशिवाय विहिरीवर किंवा तळ्यावर पाऊलही टाकूं नये.

दिवाळीच्या सुट्टीची गोष्ट वेगळी आहे, आणि तेथें मला जरा थांबून बोलावेंसें वाटतें. या दिवसांत शेतांत कापूस फुटलेला असतो. आमच्या वर्गांतील कित्येक मुलें या सुट्टींत आईवडिलांबरोबर वेचणीस जातात. कमरेला फडकें बांधून, झाडामागून झाड वाकत, सकाळपासून उन्हें कलेपर्यंत बोंडें वेचणाऱ्या मुलाला ‘रोज वीस बैठका मार’ असें सांगणें ही त्याची थट्टा होईल. व्यायामाचे आपले बहुतेक उपदेश बसून राहणाऱ्यांसाठीं लिहिलेले असतात. काम करून आलेल्या देहाची गरज उलटी असते. दिवसभर पुढें वाकलेली पाठ रात्रीं निजण्यापूर्वीं सरळ झाली पाहिजे. भिंतीला पाठ लावून ताठ उभें राहावें, हात वर करून सावकाश ताणावे, कमरेवर हात ठेवून हळूहळू मागें वाकावें, पालथें निजून छाती उचलावी. एवढें दहा मिनिटें करून पोटभर जेवून स्वस्थ झोंप घेतली, कीं त्याचा व्यायाम झाला. अशीं मुलें शाळेंत परत येतात तेव्हां तीं दमाला कमी पडत नाहींत. त्यांच्या पाठी व मनगटें दुखत असतात. त्यांना पहिल्याच दिवशीं धांवावयास लावून इतरांबरोबर तोलूं नये, अशी माझी आम्हां शिक्षकांसही विनंती आहे.

नाताळची सुट्टी लहान, पण गोड असते, व तिची अडचणही तिच्या गोडींतच आहे. पहाटे थंडी असते, पांघरूण सोडवत नाहीं. घरोघर करंज्या, अनारसे, चकल्या व केक यांचीं ताटें येतात, आणि ज्या घरीं भेटीस जावें तेथें ‘एवढें तरी घ्याच’ असा आग्रह होतो. त्यांतच शेतांत तूर भरलेली असते; सोल्यांची भाजी व रोडग्यांचें जेवण झालें कीं माणूस झाडाखालीं आडवा होतो तो सूर्य मावळेपर्यंत. यांत वाईट कांहीं नाहीं. सणाच्या ताटाकडे तराजू घेऊन पाहणारा मनुष्य मला आवडत नाहीं. परंतु जुन्या चालीरीतींत चालणें किती होतें, हेंही विसरूं नये. नाताळच्या आधींच्या रात्रीं गाणीं गात घरोघर फिरण्याची आमची रीत आहे. गांवाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत पायीं जाणें, थंडींत मोठ्यानें गाणें, आणि त्या भरांत पाय दुखल्याचें भानही नसणें, यापरता चांगला व्यायाम कोणता? अलीकडे कित्येक ठिकाणीं ही फेरी मोटारसायकलींवरून होते. ती पायांनींच व्हावी असें मला वाटतें.

माझ्या आईला मधुमेह आहे, व सणाचे दिवस तिला कठीण जातात. आग्रह मोडवत नाहीं आणि खाल्लेलें पचवत नाहीं. डॉक्टरांनीं तिला जेवणानंतर थोडें चालावयास सांगितलें आहे. चालतांना पायांचे स्नायू रक्तांतील साखर आपल्या कामासाठीं ओढून घेतात, त्यामुळें जेवणानंतर एकदम चढणारी साखर आटोक्यांत राहते. पण एकटीनें अंगणांत येरझारा घालणें तिच्या जिवावर येई. मग माझ्या धाकट्या मुलानें व तिनें आपसांत एक करार केला. जेवण झालें कीं दोघांनीं दारापासून फाटकाजवळच्या कडुनिंबापर्यंत जावयाचें व यावयाचें; तिनें त्याला गोष्ट सांगावयाची, आणि गोष्ट संपेपर्यंत कोणींही ओट्यावर बसावयाचें नाहीं. तिच्या गोष्टी मूळच्याच लांब. त्यामुळें वीस मिनिटें केव्हां होतात हें दोघांसही कळत नाहीं. गेल्या नाताळांत पाहुण्यांनीं घर भरलें होतें, तरी हा क्रम चुकला नाहीं. उलट दोन-तीन पाहुणेही गोष्ट ऐकण्यासाठीं मागून चालूं लागले. तिच्याकडे पाहून मला एक कळलें. व्यायामाला निश्चयापेक्षां सोबत अधिक टिकविते.

येथवर मीं ‘मुलें’ असें सरसकट म्हटलें आहे. पण सुट्टींत व्यायाम खरा बुडतो तो मुलींचा, आणि हें सांगण्यासाठींच मुख्यतः मीं लेखणी हातीं घेतली आहे. मुलगा उठला कीं चेंडू घेऊन मैदानावर जातो. कोणी अडविलें तरी जातो. मुलीला मैदान आहे तें शाळेंतच. शाळेचें फाटक बंद झालें कीं तिचें मैदान बंद झालें. तिची वेगळी बाजू कोणी मांडली तर ‘घरकामांत व्यायाम होतोच’ असें उत्तर मिळतें. घरकामानें ती थकते, हें खरें. पण त्यांत धांवणें नसतें, उडी नसते, मोकळा श्वास नसतो, आणि खेळांतला आनंद तर मुळींच नसतो. त्यांतून हाडांचा एक हिशेब आहे. हाडांची बहुतेक सांठवण अठरा-वीस वर्षांच्या आंत होऊन जाते, व ती वाढविण्यास उडी मारण्यासारख्या, भार पडणाऱ्या हालचालींची फार मदत होते. या वयांत जें सांठलें तें पुढें जन्मभर पुरवावयाचें असतें. साठाव्या वर्षीं घसरून खुब्याचें हाड मोडणाऱ्या आजीचा प्रश्न कित्येकदां तिच्या चौदाव्या वर्षींच सुरू झालेला असतो. बास्केटबॉल निघाल्यावर वर्ष-सव्वावर्षाच्या आंतच स्मिथ कॉलेजांतील शिक्षिका सेन्डा बेरेन्सन यांनीं तो आपल्या विद्यार्थिनींस शिकविला होता. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर आमच्या मुलींनीं दोन महिने दारांतूनच रस्ता पाहावा, हें मनाला पटत नाहीं.

नववींतील एका मुलीची गोष्ट सांगतें. धांवण्यांत ती वर्गांत पहिली. उन्हाळ्यांत घराबाहेर जावयाचें नाहीं, अशी घरची सक्त ताकीद. जुन्या बाजेची दोरी तिनें सोडवून घेतली आणि आई चुलीपाशीं बसण्यापूर्वीं परसांत उड्या मारावयास सुरुवात केली. आजीला आवाजानें जाग आली. ती रागावली नाहीं. खाट ओढून बाहेर बसली व मोजूं लागली. आजीची मोजणी विसांपर्यंतच. म्हणून प्रत्येक विशी झाली कीं ती एक तुरीचा दाणा पदरांत टाकी. पहिल्या दिवशीं दोन दाणे पडले. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशीं दहा पडले. ही मुलगी जुलैंत मैदानावर आली, तेव्हां चार फेऱ्या घालून पांचवीलाही तयार होती. तिच्यापाशीं मैदान नव्हतें, साधन नव्हतें, शिक्षक नव्हता. घरांतील एका माणसानें तिच्या उड्या मोजल्या, एवढेंच.

यावरून माझ्या सूचना थोडक्यांत सांगतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलेलें प्रमाण असें: पांच ते सतरा वर्षांच्या मुलांनीं दररोज सरासरी साठ मिनिटें अंगमेहनतीची हालचाल करावी, व प्रौढांनीं आठवड्यास निदान दीडशें मिनिटें. हा आंकडा ऐकून घाबरूं नये. खेळ, सायकल, पाणी भरणें, बाजारांत पायीं जाणें हें सारें त्यांत धरलें जातें. त्यांतील वीस मिनिटें मात्र नेमाचीं असावींत. दोन मिनिटें जागच्या जागीं धांवणें. मग वीस बैठका. मग जेवढे जमतील तेवढे जोर, आणि जमिनीवर न जमल्यास भिंतीला हात टेकून. मग दोरीवरच्या उड्या. शेवटीं पाठ, मांड्या व खांदे ताणणें. दम लागला तर थांबावें, ओसरला कीं पुन्हां सुरू करावें. प्रवासांत किंवा लग्नघरीं असाल तर यांतील दोनच गोष्टी करा, पण आठवड्यांतून दोन दिवस तरी चुकूं देऊं नका.

वेळ घड्याळावर ठरवूं नये. सुट्टींत घड्याळाकडे कोणी पाहत नाहीं. घरांत जें रोज घडतें त्याला व्यायाम बांधून टाकावा. नळाला पाणी येण्याची वेळ, गाईची धार काढण्याची वेळ, सकाळच्या चहाच्या आधींची वेळ, अशी एखादी खुंटी धरली कीं क्रम तुटत नाहीं. रानालगतच्या गांवांतील मुलांना एक सावधगिरीची सूचना. २०१६ ते २०१८ या काळांत राळेगांव व पांढरकवडा भागांतील लोकांनीं वाघिणीच्या भीतींत दिवस काढले आहेत. अशा गांवीं पहाटेच्या अंधारांत एकट्यानें फिरावयास जाऊं नये. उजाडल्यावर, चौघांनीं मिळून, वस्तीच्या रस्त्यानेंच जावें. घरचें अंगण लहान असलें तरी वीस मिनिटांना पुरतें.

पालकांनो, तुमच्याकडे माझें मागणें फार मोठें नाहीं. महागडीं साधनें आणूं नका. रोज पहाटे पाठीमागें लागून मुलांना उठविण्याचें कामही तुम्हांस सांगत नाहीं. मुलीला दिवसांतून वीस मिनिटें कोणतेंही काम सांगूं नका; तीं तिचीं समजा. मुलगा व्यायाम करीत असेल तर पांच मिनिटें त्याच्या शेजारीं उभे राहा. जमल्यास तुम्हीही हात वर करा, कारण चाळिशी उलटलेल्या आम्हां लोकांस त्याची गरज त्यांच्याहून थोडी अधिकच आहे. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्ही सुट्टींत मामाच्या गांवीं जा, आंबे खा, सण साजरे करा, मनसोक्त झोंपा. सुट्टी संपून परत याल तेव्हां कोणी तुमचे गुण विचारणार नाहीं. मैदानावर पहिली फेरी घालाल, आणि ती पुरी झाल्यावर थांबावें कीं दुसरी घ्यावी, हें तुमचें तुम्हांलाच ठरवितां येईल. ती मोकळीक तुमच्यापैकीं प्रत्येकास, आणि प्रत्येकीस, लाभो.